काजळी काळी, गोंदण हिरवं

गावाकडच्या आज्यांच्या हातावर, कपाळावर, हनुवटीवर गोंदण असतं ते हिरवट-निळसर दिसतं. गोंदणारणीने सुईला लावलेली असते काजळी, म्हणजे काळाकुट्ट कार्बन. मग हा हिरवा रंग येतो कुठून? तो प्रकाशामुळे येतो. त्वचेच्या वरच्या थरांत निळसर छटांचा प्रकाश लवकर विखुरतो आणि आपल्या डोळ्यांकडे परततो. तांबडा प्रकाश त्याहून खोल शिरतो आणि खाली बसलेला कार्बन तो शोषून घेतो. परत येणाऱ्या प्रकाशात तांबडा कमी पडतो, निळा-हिरवा वरचढ होतो. मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात, त्यातही प्रकाशाच्या या विखुरण्याचा वाटा असतो.

यावरून एक लक्षात येतं, शाई वर नसते, चांगली खोल असते. त्वचेचा सगळ्यात वरचा थर, बाह्यत्वचा, साधारण महिन्याभरात नवा होतो. शाई तिथेच राहिली तर झडणाऱ्या पेशींबरोबर निघून जाईल. म्हणून सुई त्याखालच्या अंतस्त्वचेपर्यंत, साधारण एक ते दोन मिलीमीटर खोल जावी लागते. याहून खोल गेली तर शाई चरबीच्या थरात पसरते आणि रेघ फुटते. हा अंदाज माणसाला फार पूर्वीच आला होता. १९९१ मध्ये ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ‘ओत्झी’ या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या अंगावर ६१ खुणा मोजल्या आहेत. त्याही काजळीच्या, आणि अजून स्पष्ट.

शाई इतकी टिकते कशी, याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वात विलक्षण वाटतं. सुई टोचली की शरीराच्या दृष्टीने ती जखमच. लगेच मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी धावून येतात. जंतू, मेलेल्या पेशी, बाहेरचे कण गिळून पचवणं हे त्यांचं काम. शाईचे कण त्या गिळतात, पण पचवू शकत नाहीत. कण पोटात घेऊन त्या जागच्या जागी बसून राहतात. आपण जी नक्षी पाहतो ती बऱ्याच अंशी या पेशींच्या पोटातली शाई असते.

पण पेशी काही जन्मभर जगत नाहीत. त्या मेल्यावर शाईचं काय होतं? फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी २०१८ मध्ये याचा छडा लावला. त्यांनी उंदरांच्या शेपटीवर हिरव्या शाईने गोंदलं आणि मग त्वचेतल्या या भक्षक पेशी मुद्दाम मारून टाकल्या. गोंदण जसंच्या तसं राहिलं. मेलेल्या पेशींतून शाई बाहेर पडली आणि नव्याने आलेल्या पेशींनी ती पुन्हा गिळली. भाडेकरूने सामान तिथेच टाकून खोली सोडावी आणि पुढच्याने ते सांभाळत बसावं, तसं. पुढे त्यांनी गोंदलेल्या कातडीचा तुकडा एका उंदरावरून काढून दुसऱ्यावर बसवला. सहा आठवड्यांनी पाहिलं तर शाई धरून बसलेल्या बहुतेक पेशी या दुसऱ्या उंदराच्या होत्या! म्हणजे गोंदण टिकवण्याचं काम आपली रोगप्रतिकारक यंत्रणा आयुष्यभर करत असते.

सगळी शाई मात्र तिथे राहत नाही. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, म्हणजे तिथली लसिका ग्रंथी सुजून गाठ येते, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. त्वचेखालचा द्रव वाहून नेणाऱ्या वाहिन्या लसिका ग्रंथींकडे जातात, त्याच वाटेने शाईचे बारीक कणही जातात. जर्मन आणि फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मृतदेहांच्या त्वचेचे आणि लसिका ग्रंथींचे नमुने क्ष-किरणांखाली तपासले, तेव्हा ग्रंथींमध्येही टॅटूच्या शाईतले रंगकण आढळले. त्यात पांढऱ्या रंगासाठी वापरतात त्या टायटॅनियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कणही होते. हाताच्या टॅटूने काखेतली गाठ काळी पडू शकते. कर्करोगाची तपासणी करताना अशी गाठ डॉक्टरांना चकवू शकते, म्हणून टॅटू असेल तर तो आधीच सांगून ठेवावा.

संसर्गाबद्दल बोलताना सगळे सुईकडे बोट दाखवतात, आणि ते योग्यच आहे. जत्रेत एकाच सुईने ओळीने गोंदून घेणं म्हणजे हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्हीला दार उघडून देणं. टॅटू काढल्यावर रक्तदानासाठी थांबायला सांगतात ते याचसाठी. पण नवी सुई असली की झालं, असंही नाही. २०११-१२ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये १९ जणांच्या ताज्या टॅटूवर हट्टी पुरळ उठलं. जंतू निघाला क्षयरोगाच्या जंतूच्या कुळातला, आणि त्याचा माग पोहोचला तयार राखाडी शाईपर्यंत. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमधून तर २००२ मध्ये गोंदणाच्या खुणांवरच कुष्ठरोगाचे चट्टे सुरू झालेल्या ३१ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. कुष्ठरोगाची लक्षणं दिसायला कित्येक वर्षं लागतात, त्यामुळे कुणाला त्या जुन्या सुईची आठवणही राहत नाही. शाई नळाच्या पाण्याने पातळ करताना दिसली तर सरळ उठून यावं.

रंगांमध्ये लाल सगळ्यात खट्याळ. ॲलर्जीच्या तक्रारी त्याच्याच जास्त, आणि कधी कधी टॅटू काढून महिने, अगदी वर्षं उलटल्यावर फक्त लाल भागच सुजतो, खाजतो. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं आणली. आपल्याकडे बाटलीवर अनेकदा नीट घटकसुद्धा लिहिलेले नसतात, याची मला खरंच काळजी वाटते. न टोचता काढली जाणारी ‘काळी मेंदी’ लोकांना निरुपद्रवी वाटते. तिच्यात केसांच्या काळ्या रंगातलं पीपीडी हे रसायन मिसळलेलं असू शकतं. त्याने लहान मुलांच्या हातावर फोड येतात आणि त्याची ॲलर्जी जन्मभर राहू शकते.

ज्यांना सोरायसिस किंवा कोड आहे त्यांनी जास्त सांभाळावं, कारण टोचलेल्या जागीच नवे चट्टे उठू शकतात. कोडाच्या डागांत त्वचेच्या रंगाची शाई भरण्याचा उपचारही असतो, पण तो कोड स्थिर झाल्यावर आणि त्वचारोगतज्ज्ञांकडूनच. तिळावर किंवा मशीवर कधीच गोंदू नये. तिचा आकार किंवा रंग बदलला तर दिसणारच नाही.

टॅटूने कर्करोग होतो का? स्वीडनच्या लुंड विद्यापीठाने २०२४ मध्ये ११,९०५ जणांची माहिती तपासली. टॅटू असलेल्यांत लिम्फोमा या लसिकासंस्थेच्या कर्करोगाचा धोका २१ टक्क्यांनी जास्त दिसला. मात्र टॅटू मोठा म्हणून धोका मोठा, असा संबंध आढळला नाही. मुळात हा आजार दुर्मीळ, त्यामुळे २१ टक्के वाढूनही एकेका माणसासाठी आकडा लहानच राहतो. टॅटूनेच तो होतो, हे यातून सिद्ध होत नाही.

काढलेला टॅटू नको झाला तर लेझर. त्याचे सेकंदाच्या अब्जांशाएवढे किंवा त्याहून छोटे झोत शाईचे कण फोडतात, आणि बारीक तुकडे भक्षक पेशी व लसिका वाहिन्या वाहून नेतात. प्रत्येक फेरीनंतर काही आठवडे थांबावं लागतं, कारण सफाईचं काम शरीराला करायचं असतं. काळा रंग जवळपास सगळा प्रकाश शोषतो म्हणून लवकर निघतो, पिवळा आणि हिरवा त्रास देतात. सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्यही लेझर शोषतं, त्यामुळे आपल्याकडे पांढरे किंवा काळपट डाग राहण्याची भीती अधिक, आणि लांब तरंगलांबीचा लेझर निवडावा लागतो. ओठांवर किंवा भुवयांवर गुलाबी, त्वचेच्या रंगाची शाई भरून घेतली असेल तर आणखी एक धोका आहे. तिच्यातला टायटॅनियम डायऑक्साइड किंवा लोहाचा ऑक्साइड लेझरने क्षणात काळा पडू शकतो. म्हणून आधी कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर झोत मारून पाहायला सांगावं आणि बाकीच्या भागाचं मगच ठरवावं.