बाटलीवरचं १८६३ म्हणजे ब्रँडीचं वय नव्हे

घरातलं कुणी परदेशातून येताना विमानतळावरून 'कामू' या फ्रेंच घराण्याच्या कोन्याक ब्रँडीची बाटली आणतं आणि काही दिवसांनी तीच बाटली आमच्या काउंटरवर येते : "यावर १८६३ लिहिलंय, आज किती येतील हिचे?" मागे रांग खोळंबते, म्हणून उत्तर छापूनच ठेवलंय.

१८६३ हे घराण्याचं साल. त्या वर्षी ज्याँ-बाप्तिस्त कामू यांनी फ्रान्सच्या कोन्याक भागातल्या द्राक्षबागायतदारांना एकत्र आणून 'ला ग्राँद मार्क' या नावाने विक्री सुरू केली. मुलगा गास्ताँने माल रशियाच्या झारच्या दरबारापर्यंत पोचवला. नातू मिशेलने १९६०च्या दशकात 'ड्यूटी फ्री शॉपर्स' या करमुक्त दुकानांच्या साखळीशी करार केला. विमानतळांवर हे नाव रुजलं ते तिथून. हेनेसी, मार्तेल ही दुसरी कोन्याक घराणी मोठ्या समूहांत गेली. कामू मात्र पाचव्या पिढीतही घरचीच आहे, आणि आम्ही ती आवर्जून ठेवतो त्याचं हेही एक कारण.

आता वयाचं. कोन्याक मुरते ती ओकच्या पिंपात. लोणचं बरणीत मुरतं, ही बाटलीत मुरत नाही. लेबलवरचे व्हीएसओपी, एक्सओ हे वयावरून ठरणारे दर्जे : व्हीएसओपीमधली सगळ्यात कोवळी ब्रँडीही किमान ४ वर्षं पिंपात राहिलेली असते, एक्सओमधली १०. (२०१८ पूर्वी एक्सओची अट ६ वर्षांची होती, म्हणजे कपाटातली जुनी एक्सओ आजच्यापेक्षा कोवळीही असू शकते!) वडिलांनी वीस वर्षं जपलेली व्हीएसओपी आजही व्हीएसओपीच. ती आम्ही विकत घेत नाही. परवान्यात ते बसत नाही. किंमतही सांगत नाही. राग मानू नये.

जपायचीच असेल तर उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवलीत तर ४० टक्के अल्कोहोल बुचाला लागून बूच खराब होतं, मग झिरपते, उडते. उन्हातही नको. आमच्या शोकेसमध्ये नुसती खोकी दिसतात ती त्यामुळेच. "खरा माल दाखवत नाहीत" असं काहीजण म्हणतात. मागा, आतून आणून देतो.

भेट द्यायची असेल तर बोर्दरी भागातली विचारा. कोन्याकच्या सहा भागांतला हा सर्वांत लहान, कामू कुटुंबाच्या स्वतःच्या बागा तिथे आहेत. वासाला फुलांची झाक असते, पहिल्यांदा घेणाऱ्यालाही आवडते. व्हीएसओपी सहसा शिल्लक असते. एक्सओ मागवावी लागते, तेव्हा आधी फोन करा.