डोळ्याच्या कडेला काय दिसतं? शहराच्या एका लोगोमागचं विज्ञान

८ ऑक्टोबर २०२५ला 'मुंबई वन' हे ॲप सुरू झालं. मेट्रो, मोनो, लोकल, बेस्ट, शिवाय ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली आणि मीरा-भाईंदरच्या बस अशा अकरा सेवांची तिकिटं एका ॲपवर आली. उत्तमच झालं. पण ॲप फोनमध्ये असतं आणि माणूस रस्त्यावर. फोन खिशात ठेवून वर बघितलं की पुन्हा अकरा सेवा, प्रत्येकीचा लोगो वेगळा, पाटी वेगळी. गुंदवली आणि वेस्टर्न एक्सप्रेस हायवे ही दोन मेट्रो स्थानकं पादचारी पुलाने जोडलेली आहेत. नवख्या माणसाला मात्र ही दोन नावं, त्यांचे दोन लोगो आणि त्यांना चालवणाऱ्या दोन वेगळ्या संस्था बघून ते एकाच प्रवासाचे दोन तुकडे आहेत हे कळायला वेळ लागतो.

मग सगळ्यांना मिळून एकच लोगो का नको? असं म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: "लोगोचं काय घेऊन बसलात, आधी बस वेळेवर आणा." बस वेळेवर यायलाच हवी, त्यात वाद नाही. पण लोगो म्हणजे नुसती रंगरंगोटी, हा समज मला खटकतो. हा सौंदर्याचा प्रश्न नंतर आहे, आधी तो डोळ्याच्या पडद्याचा आणि मेंदूचा आहे. कसा, ते सांगायला आधी लंडनला जावं लागेल.

लंडनच्या भुयारी रेल्वेचं लाल वर्तुळ आणि त्याला आडवी छेदणारी निळी पट्टी आपण निदान फोटोत तरी पाहिलेली असते. तिथे तिला राउंडेल म्हणतात. १९०८ साली ती फलाटांवर पहिल्यांदा लागली, तेव्हा ते कुणाचं बोधचिन्ह वगैरे नव्हतं. अडचण अगदी व्यवहारातली होती. फलाटाच्या भिंती जाहिरातींनी भरलेल्या असायच्या आणि गाडीतल्या माणसाला त्या भाऊगर्दीत स्थानकाचं नावच सापडायचं नाही. म्हणून नावाच्या निळ्या पट्टीमागे एक भरीव लाल तबकडी लावली. फ्रँक पिक हे त्या काळात कंपनीच्या प्रसिद्धीचं काम बघत होते. त्यांनी जाहिरातींना ठरावीक चौकटी नेमून दिल्या आणि नावाच्या पाटीभोवतीची भिंत मोकळी केली. पुढे एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकाराने १९१६ साली कंपनीसाठी खास अक्षरं घडवली आणि नंतर त्या भरीव तबकडीचं कडं केलं. १९३३ साली शहरातली भुयारी रेल्वे, बस आणि ट्राम एका मंडळाखाली आल्या. आज तेच कडं आणि तीच पट्टी बसथांब्यावर आहे, ट्रामवर आहे, नदीतल्या बोटींच्या धक्क्यावरही आहे.

तबकडी लावली की नाव सापडतं, हे त्या लोकांना अनुभवाने कळलं होतं. का सापडतं, ते कळायला आणखी साठ वर्षं जावी लागली. या लेखात मला खरं सांगायचंय ते हेच, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

आपल्याला वाटतं की डोळा कॅमेऱ्यासारखा समोरचं सगळं सारख्याच स्पष्टतेने टिपतो. तसं नाही. डोळ्याच्या पडद्यावर दहा कोटींच्या आसपास प्रकाशग्राही पेशी असतात, पण मेंदूकडे जाणाऱ्या चेतातंतूंची संख्या दहा-बारा लाखच. म्हणजे काटछाट आलीच. मेंदूने सोय अशी केली आहे की पडद्याच्या मधोमध असलेल्या फोविया नावाच्या छोट्या खळग्याला भरपूर तंतू द्यायचे आणि बाकीच्यांनी थोडक्यात भागवायचं. हात लांब करून अंगठा धरला तर अंगठ्याचं नख जेवढं दिसतं, साधारण दोन अंश, तेवढ्याच भागात आपली दृष्टी खऱ्या अर्थाने तीक्ष्ण असते. बाकीचं जग अंधुक असतं. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत हे नख इकडून तिकडे फिरवत राहतो, म्हणून ते जाणवत नाही.

पण अंधुकपणा हे अर्धंच उत्तर झालं. एक प्रयोग करा. कोऱ्या कागदाच्या मध्यावर फुली काढा. तिच्या उजवीकडे चार बोटं अंतर सोडून, नखाएवढं मोठं एखादं अक्षर कुणाला तरी लिहायला सांगा, तुम्हाला न दाखवता. कागद हातभरापेक्षा थोडा जवळ धरा आणि नजर फुलीवरच ठेवा. अक्षर कडेला आहे, तरी ओळखू येतं. आता फुलीच्या डावीकडे तितक्याच अंतरावर, त्याच आकाराचं दुसरं अक्षर लिहून घ्या, पण या वेळी त्याच्या दोन्ही बाजूंना खेटून आणखी एकेक अक्षर. पुन्हा नजर फुलीवर. तिथे काहीतरी लिहिलंय हे दिसतं, काळ्या रेघा दिसतात, काना आणि गाठ असल्यासारखंही वाटतं. पण मधलं अक्षर कोणतं, ते सांगता येत नाही. आकार तोच, अंतर तेच, डोळे तेच.

याला क्राउडिंग म्हणतात. मेंदू कडेच्या दृश्याची नोंद ठेवताना एकेका वस्तूची वेगळी नोंद ठेवत नाही. एका पट्ट्यात किती रेघा, कोणत्या दिशेच्या, कुठे गोलाई, एवढीच गोळाबेरीज ठेवतो. भेळेत कुरमुरे, शेव, कांदा, कैरी सगळं असतं, पण कैरीचा तुकडा मूळ फोडीत कुठे होता ते भेळेवरून सांगता येत नाही, तसं. रेघा सगळ्या पोचतात, कोणती रेघ कोणाची हे हरवतं.

नेदरलँड्समधले दृष्टीचे अभ्यासक हर्मन बाउमा यांनी १९७० साली याचा एक सोपा नियम मांडला. वस्तू नजरेच्या केंद्रापासून जितकी लांब, तिच्या निम्म्या अंतरात दुसरं काही नसावं. असलं तर घोळ होतो. कागदावर चार बोटांवर अक्षर असेल तर शेजारची अक्षरं दोन बोटं दूर सरकवून बघा, मधलं अक्षर परत दिसायला लागतं. आता हाच हिशोब रस्त्यावर. तुम्ही समोर बघत चालला आहात आणि २० मीटरवर एक पाटी तुमच्या नजरेच्या रेषेपासून १० अंश बाजूला, म्हणजे साधारण साडेतीन मीटर बाजूला आहे. ती कडेच्या नजरेने ओळखू यायला तिच्याभोवती ५ अंश, म्हणजे जवळजवळ पावणेदोन मीटर मोकळी जागा हवी. दादर स्थानकाबाहेर पावणेदोन मीटर मोकळी भिंत कुणी दाखवावी!

अक्षरं मोठी करून हा प्रश्न सुटत नाही. क्राउडिंग अक्षराच्या आकारावर फारसं अवलंबून नसतं, ते अंतरावर असतं. पाटी दुप्पट केली आणि शेजाऱ्याने त्याचीही दुप्पट केली की पहिले पाढे पंचावन्न. शिवाय वाचायचं तर नजर थेट पाटीवरच हवी. नेत्रतज्ज्ञांच्या तक्त्यावरची ६/६ची ओळ वाचणाऱ्या निरोगी डोळ्यालाही ६० मीटरवरचं अक्षर वाचायला ते जवळजवळ ९ सेंटीमीटर उंच लागतं, तेही नेमकं त्याच्याकडेच बघताना.

यातून सुटायच्या वाटा दोन. पहिली, शेजाऱ्यांपेक्षा वेगळं असणं. लक्ष्य आणि आजूबाजूच्या वस्तू आकाराने, रंगाने किंवा उजेड-अंधाराच्या मांडणीने एकमेकांपासून वेगळ्या असतील तर क्राउडिंग कमी होतं. आपल्या रस्त्यावर बहुतेक सगळ्या पाट्या आडव्या आयत असतात आणि आत अक्षरं. त्यात जाड कडं आणि आरपार पट्टी उठून दिसेल. दुसरी वाट, चिन्ह आतून रिकामं असणं. चिन्हाचे स्वतःचेच अवयव एकमेकांची गर्दी करतात. आपल्याकडच्या सरकारी लोगोंची हौस आठवा. एका वर्तुळात धावती गाडी, तिच्याखाली लाट, मागे शहराची क्षितिजरेषा, कोपऱ्यात हिरवं पान आणि घेराभोवती संस्थेचं संपूर्ण नाव. कागदावर छान दिसतं, कारण कागदाकडे आपण सरळ बघतो. डोळ्याच्या कडेला ते पोचतं तेव्हा फक्त एक रंगीत डाग असतो. जॉन्स्टन यांनी तबकडी पोखरून कडं केलं तेव्हा त्यांना बाउमा ठाऊक असणं शक्यच नव्हतं, पण हात बरोबर दिशेने चालला होता.

आता 'एकच' का, याकडे. १९८० साली ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की शोधायची वस्तू एखाद्या साध्या गुणाने, समजा नुसत्या रंगाने, वेगळी असेल तर भोवती पाच वस्तू असोत की तीस, ती जवळपास सारख्याच वेळात सापडते. दोन गुण जुळवून शोधायची असेल, म्हणजे लाल आडव्या आणि हिरव्या उभ्या वस्तूंच्या घोळक्यात एकच लाल आणि उभी, तर भोवतीच्या वस्तू वाढतात तसा वेळ वाढत जातो. पण कोणता साधा गुण शोधायचा, हे मेंदूला आधी माहीत असावं लागतं. तो शोधायच्या वस्तूचा एक नमुना मनात धरून ठेवतो. एक नमुना धरणं सोपं असतं. विमानतळावरच्या सामानाच्या एक्स-रे चित्रांसारख्या चित्रांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की दोन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तू एकदम शोधायला सांगितल्या की चुका वाढतात आणि वेळही. तिथे दोनच होत्या. आपण घाईतल्या, घामेजलेल्या माणसाकडून अकरांची अपेक्षा करतो. नमुना पक्का होतो तो पुन्हा पुन्हा दिसून. अकरा लोगो असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला त्या दिसण्याचा तुकडाच येतो.

लंडनने यात एक शहाणपण केलं आहे. आकार एक आणि रंग अनेक. बस आणि भुयारी रेल्वे लाल, ट्राम हिरवी, ओव्हरग्राउंड नावाची लोकल नारिंगी, २०२२ साली सुरू झालेली एलिझाबेथ लाइन जांभळी. लांबून प्रश्न असतो 'सार्वजनिक वाहतूक इथे आहे का?', त्याचं उत्तर आकार देतो. 'कोणती?' हा प्रश्न जवळ गेल्यावर पडतो, तेव्हा डोळा सरळ बघत असतो आणि रंग उपयोगी पडतो. हा क्रम उलटा करता येत नाही. डोळ्याच्या कडेला रंगाची, विशेषतः लाल-हिरव्याची, जाण मंद असते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यात कमीअधिक गोंधळ होतो. आपल्याकडे प्रमाण कमी आहे, पण शून्य नाही. मुंबईकर हा दोन पायऱ्यांचा खेळ नकळत खेळतच असतो. लांबून बसचं धूड दिसलं की 'बेस्ट आली', आणि जवळ आली की कपाळावरचा मराठी आकडा.

रंगाचा विषय निघालाच आहे तर 'निळा म्हणजे विश्वास, केशरी म्हणजे ऊर्जा' असली ब्रँडिंगवाल्यांची सादरीकरणं मनावर घेऊ नका. रंगाचा अर्थ संदर्भाने बदलतो, आणि एका रंगाने प्रवाशाच्या मनात ठरावीक भावना उगवते असा भरवशाचा पुरावा नाही. त्याहून पुढचे महाभाग लोगोची दिशा वास्तूप्रमाणे आणि अक्षरांची बेरीज अंकशास्त्राप्रमाणे तपासून घेतात. त्या पैशात चार थांब्यांवर दिवे लागले असते.

एक खरी अडचण मात्र आहे. एकच चिन्ह हे वचन असतं. दोन ठिकाणी तेच कडं दिसलं की माणूस धरून चालतो की तिकीट एकच चालेल, नकाशा एकच असेल, बोलण्यात 'ते आमचं नाही' येणार नाही. लंडनमध्ये चिन्हाच्या जोडीला १९८०च्या दशकात ट्रॅव्हलकार्ड हा एकत्रित पास आणि २००३ साली ऑयस्टर हे स्मार्टकार्ड आलं. मुंबईत तिकिटाची बाजू आधी मार्गी लागते आहे, त्यामुळे चिन्ह मागून आलं तरी ते पोकळ ठरणार नाही.

मला धास्ती आहे ती खांबाची. लंडनमध्ये राउंडेलच्या चहूबाजूंनी ठरावीक मोकळी जागा सोडण्याचा लेखी नियम आहे. आपल्याकडे चिन्ह कितीही विचारपूर्वक काढलं, तरी खांब उभा राहिल्यावर आठवड्याच्या आत त्याला दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, क्लासची पत्रकं आणि 'जागा भाड्याने देणे आहे' चिकटणार. पावणेदोन मीटरचं टेंडर कोण काढतं?