मानणे आणि सोपवणे: कॅथलिक शिकवणीत श्रद्धेचा अर्थ कसा घडत गेला

कॅथलिक ख्रिस्तसभेने १९९२ साली जाहीर केलेल्या धर्मशिक्षण ग्रंथात श्रद्धेबद्दल दोन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत. श्रद्धा म्हणजे आधी माणसाने स्वतःला देवाशी जोडून घेणे. आणि ज्याच्याशी जोडून घेतले त्याने जे प्रकट केले, ते सगळे खरे मानणे, तेही स्वखुशीने. ही दोन अंगे एकमेकांपासून सुटी करता येत नाहीत, असे ग्रंथ बजावतो. आज हे वाचताना सरळ वाटते, पण त्यामागे जवळजवळ दोन हजार वर्षांचे वाद आहेत. कधी श्रद्धा म्हणजे नुसती मतांची यादी होऊन बसली, कधी नुसता मनाचा उमाळा. दर वेळी ख्रिस्तसभेने निसटणारे अंग ओढून जागेवर आणले. म्हणून परिषदांच्या, म्हणजे बिशपांच्या अधिकृत सभांच्या, व्याख्या वाचताना ती व्याख्या कोणत्या भांडणात लिहिली गेली, हे आधी पाहावे असे मला वाटते. त्याशिवाय त्या कोरड्या आणि कठोर भासतात.

बायबलमध्येच ही दोन्ही अंगे आहेत. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात म्हातारा, निपुत्रिक अब्राहाम आकाशातल्या ताऱ्यांकडे पाहून देवाच्या शब्दावर विसंबतो आणि ते त्याचे नीतिमत्त्व गणले जाते. तिथे पाठ करायचे कोणतेही सिद्धान्त नाहीत, आहे तो फक्त एका वचनावरचा भरवसा. पौल रोमकरांस पत्रात हाच अब्राहाम पुढे आणतो. पण त्याच पत्राच्या दहाव्या अध्यायात तो म्हणतो की येशू प्रभू आहे असे मुखाने कबूल केले आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवले असा अंतःकरणात विश्वास धरला, तर तारण होईल. म्हणजे भरवसा आहेच, पण नेमके काय घडले हे मानणेही आहे. याकोबाचे पत्र वेगळ्या बाजूने धक्का देते: देव एकच आहे असे तर भुतेही मानतात आणि थरथर कापतात. कृतीवाचूनचा विश्वास निर्जीव आहे. पुढच्या सगळ्या वादांची बीजे या मोजक्या वचनांत आहेत.

पहिल्या शतकांत श्रद्धेचा अर्थ ग्रंथांपेक्षा बाप्तिस्म्याच्या पाण्यात अधिक स्पष्ट होत असे. पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवतोस का, असे तीन वेळा विचारले जाई आणि प्रत्येक होकारानंतर पाणी. श्रद्धासूत्रे या प्रश्नोत्तरांतून वाढली. ३२५ साली नायसिया आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल इथल्या परिषदांनी त्यांना धार आणली, कारण तोवर 'पुत्र' म्हणजे नेमके कोण यावर ख्रिस्तसभा दुभंगली होती. ज्याच्यावर भरवसा ठेवायचा तो कोण हेच धूसर असेल, तर भरवसाही धूसर होतो. परिषदांच्या काटेकोर शब्दांमागे मला हीच काळजी दिसते.

त्या काळातला एक प्रसंग पुढे उत्तर आफ्रिकेत बिशप झालेल्या संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनाच्या आठव्या भागात सांगितला आहे. रोममध्ये मारियस व्हिक्टोरिनस नावाचे वक्तृत्वाचे नामांकित अध्यापक होते. हयातीतच त्यांचा पुतळा उभारला गेला होता. म्हातारपणी त्यांनी पवित्र शास्त्र बारकाईने वाचले आणि सिंप्लिशियानस या स्नेह्याला एकांतात सांगितले, मी आता ख्रिस्ती झालो आहे. सिंप्लिशियानस म्हणाला, ख्रिस्तसभेत तुम्हाला पाहिल्याशिवाय मी ते मानणार नाही. व्हिक्टोरिनस हसून विचारत, म्हणजे भिंतींनी माणूस ख्रिस्ती होतो की काय? हे संभाषण पुष्कळदा झाले. खरी अडचण प्रतिष्ठित मित्रांच्या रोषाची होती. अखेर एक दिवस ते स्वतःच म्हणाले, चला, मला ख्रिस्ती व्हायचे आहे. बाप्तिस्म्याआधी श्रद्धासूत्र सर्वांसमोर उंचावर उभे राहून तोंडपाठ म्हणायची रीत होती. संकोची माणसांना ते खासगीत म्हणायची मुभा असे, ती धर्मगुरूंनी त्यांनाही देऊ केली. त्यांनी नाकारली. वक्तृत्व शिकवताना हजारोंसमोर बोलत आलो, तेव्हा तारणाचा काही संबंध नव्हता. मग हेच का लपवायचे? ते वर चढले तेव्हा जमलेल्यांत त्यांच्या नावाची कुजबुज पसरली.

धर्मशिक्षण ग्रंथ पुढे सांगतो की श्रद्धा वैयक्तिक आहे, पण एकाकी नाही. जसे कोणी स्वतःला जन्म देत नाही, तशी कोणी स्वतःला श्रद्धाही देत नाही. याचे व्हिक्टोरिनसांहून जिवंत उदाहरण मला माहीत नाही. बाप्तिस्म्याच्या विधीत आजही हा भाव आहे. 'ख्रिस्तसभेकडे काय मागता?' 'श्रद्धा.' 'श्रद्धा तुम्हाला काय देते?' 'सार्वकालिक जीवन.'

ऑगस्टीनचा स्वतःचा बाप्तिस्मा ३८७ साली मिलानमध्ये संत अँब्रोजच्या हस्ते झाला. विश्वास ठेवणे म्हणजे संमतीसह विचार करणे, असे त्याने लिहून ठेवले आहे. विचार थांबला की श्रद्धा सुरू होते, ही समजूत त्याने मुळातच खोडून काढली. त्याचा मोठा लढा मात्र दुसऱ्या प्रश्नावर होता: सुरुवात कोण करतो? माणूस आधी वळतो आणि मग देव कृपा देतो, की वळण्याची इच्छासुद्धा कृपेतूनच येते? पूर्वी आपण पहिल्या मताचे होतो, हे ऑगस्टीन मोकळेपणाने सांगतो. त्याच्या मृत्यूनंतर शतकभराने, ५२९ साली, ऑरेंज इथे आर्लचे बिशप सेझारियस यांच्या पुढाकाराने भरलेल्या लहानशा परिषदेने निकाल दिला की श्रद्धेचा आरंभदेखील देवाची देणगी आहे. पोप दुसरे बोनिफेस यांनी त्यावर मोहोर उमटवली. पुढे मध्ययुगात हे ठराव बरेचसे विस्मरणात गेले, ही मोठी हानीच झाली.

देणगी म्हटली की ती कोणावर लादता येत नाही. हे तत्त्व ख्रिस्तसभेला आरंभापासून ठाऊक होते आणि तरीही पाळले गेले नाही. इच्छेशिवाय कोणी विश्वास ठेवू शकत नाही, असे शिकवणाऱ्या ऑगस्टीननेच ख्रिस्तसभेतून फुटून निघालेल्या डोनॅटिस्ट पंथीयांवर शासनाच्या दडपणाचे पुढे समर्थन केले. ६३३ साली टोलेडोच्या चौथ्या परिषदेने ठरवले की यहुद्यांवर श्रद्धेची सक्ती करू नये, पण आधीच सक्तीने ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे त्यांनी मात्र ख्रिस्तीच राहावे. दोन वाक्यांत दोन तोंडे. फ्रँक राजा शार्लमेनने सॅक्सन लोकांना तलवारीच्या धाकाने बाप्तिस्मा द्यायला लावला, तेव्हा त्याच्याच दरबारातल्या विद्वान अल्क्विनने पत्रातून विरोध केला: श्रद्धा ही इच्छेची गोष्ट आहे, बळजबरीची नाही. हा आवाज एकटा पडला, पण बुजला नाही.

अकराव्या शतकात अँसेल्मने श्रद्धेला 'समज शोधणारी' म्हटले आणि विद्यापीठांच्या युगाला जणू ब्रीदवाक्य मिळाले. तेराव्या शतकात थॉमस अक्विनसने सगळे धागे एकत्र विणले. त्याच्या मते विश्वास ठेवणे ही बुद्धीची क्रिया आहे; पण समोरचे सत्य गणितासारखे स्वतःहून बुद्धीला पटवून देत नाही, म्हणून इच्छा तिला संमतीकडे वळवते आणि त्या इच्छेला देव कृपेने हलवतो. बुद्धी, इच्छा आणि कृपा, तिन्ही एकाच क्रियेत. थॉमसचा आणखी एक भेद फार महत्त्वाचा: प्रीतीने आकार घेतलेली श्रद्धा आणि प्रीती हरवलेली श्रद्धा. गंभीर पापात पडलेल्या माणसाची देवावरची प्रीती तुटते, पण तो देवाला नाकारतोच असे नाही. त्याची श्रद्धा उरते, मात्र जिवंत नसते. हा भेद पुस्तकी वाटेल. पुढे सोळाव्या शतकात सगळा युरोप त्यावर भांडला.

प्रोटेस्टंट चळवळीचा आरंभ करणारा मार्टिन लूथर ऑगस्टीनियन संघाचा संन्यासी होता. कर्मांचे हिशेब मांडून देवापुढे उभे राहता येत नाही, ही त्याची तळमळ खरी होती. त्याच्यासाठी श्रद्धा म्हणजे ख्रिस्त माझ्यासाठी मेला या वचनावर पूर्ण भार टाकणे. १५२२ च्या आपल्या जर्मन नव्या करारात रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात त्याने 'केवळ श्रद्धेने' असे लिहिले. याला उत्तर द्यायचे काम ट्रेंटच्या परिषदेने जून १५४६ मध्ये हाती घेतले आणि सुमारे सात महिने खल करून १३ जानेवारी १५४७ रोजी तिने सोळा प्रकरणे आणि तेहतीस निषेधकलमांचा आदेश संमत केला. परिषदेत लूथरच्याच संघाचे प्रमुख जिरोलामो सेरिपांडो बसले होते. दोन्ही बाजूंना सामावणारी मांडणी करण्याचा त्यांनी प्रयत्न केला. परिषदेने ती स्वीकारली नाही.

ट्रेंटचा आदेश मुळातून वाचला तर आश्चर्य वाटते. श्रद्धा ही मानवी तारणाचा आरंभ, सर्व नीतिमान ठरण्याचा पाया आणि मूळ आहे, असे तो निःसंदिग्धपणे सांगतो. त्याआधीची कोणतीही गोष्ट, श्रद्धाही नाही आणि कर्मेही नाहीत, ती कृपा कमावत नाही. विरोध आहे तो श्रद्धा एकटीच पुरते, आशा आणि प्रीती जोडीला नसल्या तरी चालेल, या मताला. पापाने कृपा गेली तरी श्रद्धा दर वेळी जातेच असे नाही, ही थॉमसची भूमिका अठ्ठाविसाव्या कलमात पक्की झाली. माझ्या मते खरी शोकांतिका अशी की दोन्ही बाजू एकच शब्द वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरत होत्या. लूथरच्या श्रद्धेत आशा आणि भरवसा आधीच सामावला होता, तर ट्रेंटच्या पंडितांसाठी श्रद्धा म्हणजे प्रामुख्याने प्रकट सत्याला बुद्धीची संमती होती. पुढची चार शतके कॅथलिक पाठ्यपुस्तकांत हीच बाजू वरचढ राहिली.

एकोणिसाव्या शतकात भांडण बदलले. बॉनचे प्राध्यापक गेऑर्ग हेर्मेस यांना श्रद्धा तर्काच्या बळावर उभी करायची होती. त्यांच्या मृत्यूनंतर १८३५ साली त्यांच्या ग्रंथांवर रोमने बंदी घातली. उलट स्ट्रासबर्गचे लुई बोतें म्हणत, तर्काला देवाचा पत्ताच लागत नाही. त्यांना १८४० साली आपले मत सोडून दिल्याच्या विधानांवर सही करावी लागली. पहिल्या व्हॅटिकन परिषदेने २४ एप्रिल १८७० रोजी एकमताने संमत केलेला दस्तऐवज या दोन टोकांच्या मधून वाट काढतो. देव आहे हे बुद्धीला कळू शकते. पण त्याने जे प्रकट केले ते आपण मानतो ते त्यातले सत्य आपल्याला दिसले म्हणून नव्हे, तर सांगणारा देव स्वतः फसत नाही आणि फसवतही नाही म्हणून. आणि ही संमती म्हणजे मनाचा आंधळा आवेग नव्हे. त्याच १८७० साली इंग्रज धर्मचिंतक जॉन हेन्री न्यूमनने संमतीवरचा आपला ग्रंथ छापला. कल्पनेला दिलेली संमती आणि प्रत्यक्षाला दिलेली संमती, हा त्यातला फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९०७ मध्ये पोप दहावे पायस यांनी श्रद्धा अंतर्मनातून उगवणारी भावना आहे हे मत धिक्कारले. त्यामागचे भय समजू शकते, पण त्या धसक्याने पुढे संशोधकांची तोंडे बंद झाली, हेही नोंदवायला हवे.

व्याख्या चालू असताना फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठात तेरेझा नावाची एक तरुण जोगीण श्रद्धा वेगळ्याच प्रकारे जगत होती. एप्रिल १८९६ मध्ये तेरेझाला क्षयाने रक्त पडले आणि थोड्याच दिवसांत तिच्या मनातून स्वर्गाची खात्री निघून गेली. दाट अंधार, आणि मरणापलीकडे काहीच नाही असे सांगणारा आवाज. तिने स्वतःच्या रक्ताने श्रद्धासूत्र लिहिले आणि ते छातीशी बाळगले. या एका वर्षात मी जितक्या वेळा विश्वास कबूल केला तितका सगळ्या आयुष्यात केला नव्हता, असे तिने लिहून ठेवले. ३० सप्टेंबर १८९७ रोजी ती चोवीस वर्षांची असताना गेली. १९९७ साली तिला ख्रिस्तसभेची आचार्या घोषित केले गेले. भावना आटली तरी श्रद्धा असू शकते, हे थॉमसच्या इच्छेवरच्या विवेचनातून मला नीट कळले नव्हते. ते तिच्यामुळे कळले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत हा सगळा वारसा पुन्हा टेबलावर आला. देव स्वतःला कसा प्रकट करतो यावरचा पहिला मसुदा जुन्या पाठ्यपुस्तकी वळणाचा होता. २० नोव्हेंबर १९६२ रोजी चर्चा थांबवावी म्हणून १,३६८ आणि चालू ठेवावी म्हणून ८२२ मते पडली. दोन तृतीयांशांना मते कमी होती, तरी पोप तेविसावे जॉन यांनी मसुदा मागे घ्यायला लावला. तीन वर्षांनी, १८ नोव्हेंबर १९६५ रोजी, २,३४४ विरुद्ध ६ मतांनी संमत झालेल्या दस्तऐवजात देव माणसांशी मित्रांसारखा बोलतो, तो विधाने धाडत बसत नाही, स्वतःला देतो. आणि उत्तरादाखल माणूस स्वतःला संपूर्णपणे, मोकळेपणाने त्याच्यावर सोपवतो. पहिल्या व्हॅटिकनचे बुद्धीच्या संमतीबद्दलचे वाक्यही तिथेच शेजारी आहे. महिनाही उलटायच्या आत, ७ डिसेंबरला, धर्मस्वातंत्र्याच्या घोषणेत परिषदेने म्हटले की श्रद्धेची कृती स्वभावतःच स्वतंत्र आहे. अल्क्विनची बाजू अखेर निर्णायकपणे घेतली गेली. लोकांच्या वागण्यात कधीकधी शुभवर्तमानाला न शोभणारे, उलट असे वर्तन घडले, हेही त्या घोषणेत मान्य केले आहे. मला ते वाक्य अधिक धीट हवे होते.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि लुथरन प्रतिनिधींनी देवापुढे नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपण कोणत्याही गुणावर नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासातून देवाला मान्य होतो, हे दोघांनी एकत्र म्हटले, आणि सोळाव्या शतकातले निषेध त्या जाहीरनाम्यातल्या शिकवणीला लागू होत नाहीत असे ठरले.

आजचा कूट प्रश्न वेगळ्या ठिकाणी उभा आहे. १९८३ च्या कायदेसंहितेनुसार दोन बाप्तिस्मा झालेल्यांमधला वैध विवाहकरार आपोआप संस्कार ठरतो. पण लहानपणी पाणी मिळाले आणि पुढे श्रद्धा उरलीच नाही, अशा जोडप्याचे काय? पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जानेवारी २०१३ मध्ये ख्रिस्तसभेच्या रोममधल्या धर्मन्यायालयापुढे हा प्रश्न उघडपणे मांडला. तीन वर्षांनी पोप फ्रान्सिस यांनी तिथेच सांगितले की श्रद्धेची गुणवत्ता ही वैवाहिक संमतीची अनिवार्य अट नव्हे. २०२० साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने श्रद्धा आणि संस्कार यांच्या परस्परसंबंधावर सविस्तर दस्तऐवज काढला आणि श्रद्धेच्या पूर्ण अभावात विवाहाच्या हेतूविषयीच शंका उभी राहू शकते, असे मत मांडले. श्रद्धा देणगी आहे आणि स्वतंत्र संमतीही आहे, हे दोन्ही खरे धरून न्यायाधीशांना अशा प्रकरणांत निवाडा करावा लागतो.