६५ मिलिमीटरची रेघ : पार्श्वभूमी

अतिवृष्टीची मदत देताना सरकार चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस ही रेघ धरते, पण मराठवाड्यात आपत्ती मोजण्याची सरकारी रीत मुळात कोरड्या वर्षांसाठी बसवलेली होती. १९७२ च्या दुष्काळातली खडी फोडण्याची कामे, सुकडीचे वाटप आणि त्यातून पुढे कायद्यात उतरलेली रोजगार हमी हा इतिहास इथल्या घराघरांत ठाऊक आहे. त्या काळी पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आले हे हंगामाअखेर ठरवले जाई. या आणेवारीची पुढे पैसेवारी झाली आणि ती पन्नास पैशांच्या आत उतरली की सवलतींचा विचार होऊ लागला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणले जात असतानाही शासकीय कागदावर ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ असाच उल्लेख होता आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यावरच त्यातला ‘सदृश’ गळाला. त्याच वर्षी केंद्राची नवी दुष्काळ संहिता आली आणि पैसेवारीच्या जागी पर्जन्यमान, जमिनीतील ओलावा आणि उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवळ असे निर्देशांक आले.

जादा पावसासाठी मात्र असा विचार कधी झालाच नाही. गोदाकाठची गावे पुराला नवीन नाहीत, ऑगस्ट २००६ चा पूर नांदेडकर विसरलेले नाहीत. तरीही पावसाळ्यात सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या भागात अतिवृष्टी हा अपवाद मानला गेला. तिच्यासाठी निकष म्हणून एकच आकडा आहे. महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या महसुली गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली तर ती अतिवृष्टी, आणि मग तेहतीस टक्क्यांहून अधिक नुकसान असेल तर पंचनामा. नुकसानीची ही मर्यादा २०१५ पूर्वी पन्नास टक्के होती. हवामान खात्याच्या वर्गवारीत ६४.५ पासून ११५.५ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस ‘जोरदार’ या सदरात मोडतो. म्हणजे खात्याच्या लेखी जो केवळ जोरदार, तोच महसुलाच्या लेखी अतिवृष्टीचा उंबरठा ठरतो. अंदाज वाचणारा आणि पंचनामा करणारा एकाच पावसाला दोन नावांनी ओळखतात, याचा गोंधळ दर सप्टेंबरात तहसील कचेरीत ऐकू येतो.

खरा वाद आकड्यापेक्षा तो कुठे आणि कधी मोजला जातो याचा आहे. एका मंडळात पंधरा-वीस गावे सहज असतात, काही ठिकाणी त्याहून अधिक. परतीच्या पावसातला ढग एका शिवारावर तासभर कोसळतो आणि ओढ्यापलीकडच्या गावात नुसता शिडकावा होतो, हे इथे पोराटोरांनाही माहीत आहे. पण ते कोसळणे कागदावर यायचे तर मंडळातल्या एकमेव पर्जन्यमापकाने ते पाहिलेले असले पाहिजे. स्वयंचलित केंद्रात नरसाळ्याखाली दोन कप्प्यांची एक छोटी पाळणेवजा बादली असते. ठरावीक थेंब साठले की ती कलंडते आणि प्रत्येक कलंडणे एक नोंद म्हणून मोजले जाते. धुवाधार पावसात बादली कलंडत असतानाचे पाणी मोजणीतून निसटते. नरसाळ्यात पालापाचोळा किंवा पाखराचे घरटे असेल तर पाणी रेंगाळत खाली येते आणि तासाभराचा पाऊस पुढचे कित्येक तास ठिबकत राहतो. यंत्र इमारतीपासून किंवा झाडापासून त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर हवे हा नियम जुना आहे, पण जागा मिळेल तिथे उभी केलेली यंत्रे पाहिली की तो कोणी वाचला असेल का, अशी शंका येते.

दुसरी अडचण घड्याळाची. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. पहाटेपासून साडेआठपर्यंत चाळीस मिलिमीटर आणि त्यानंतर दुपारपर्यंत आणखी चाळीस पडला, तर सोयाबीनच्या मुळाशी ऐंशी मिलिमीटर पाणी साचते, नोंदवहीत मात्र चाळीस-चाळीसचे दोन दिवस लागतात आणि दोन्ही रेघेच्या आत राहतात.

या काळात अंदाजाचे शास्त्र पुढे गेले, हे मान्य करायला हवे. जिल्हावार पाच दिवसांचा अंदाज, पिवळा, नारंगी आणि लाल असे इशाऱ्याचे रंग, परभणीच्या कृषी विद्यापीठातून निघणारा आठवड्याचा सल्ला, विजेची पूर्वसूचना देणारे मोबाइल अ‍ॅप, हे सारे २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीच्या वेळेपेक्षा आज बरेच सरस आहे. तरी रोष अंदाजावरच निघतो. २०१७ च्या जुलैत पाऊस लांबल्यावर माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी चुकीच्या अंदाजाबद्दल थेट पोलिसांत तक्रार दिली होती. मोजणीबद्दल अशी तक्रार कोणी दिल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. वास्तविक अंदाज चुकला तर पेरणी वाया जाते, पण मोजणी चुकली तर मदतही जाते.

सप्टेंबर २०२१ मध्ये गुलाब चक्रीवादळाचे अवशेष मराठवाड्यावरून सरकले आणि मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, तेव्हा निदान नदीकाठचे नुकसान ‘पूर’ या वेगळ्या सदरात बसत होते. रोज थोडाथोडा पडून पीक कुजवणाऱ्या पावसाला मात्र एकही सदर नव्हते. एप्रिल २०२३ मध्ये राज्याने ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती मान्य केली. त्यासाठी सलग पाच दिवस रोज किमान दहा मिलिमीटर पाऊस आणि सोबत आणखी काही निकष ठरले. मधला एक दिवस आठ मिलिमीटरवर थांबला की साखळी तुटते, त्यामुळे एका रेघेच्या जागी दोन रेघा झाल्या इतकेच.

२०२५ च्या खरिपात शेतकऱ्याला एका रुपयात मिळणारा पीकविमा बंद झाला आणि त्यासोबत स्थानिक आपत्तीची भरपाईही वगळून विमा केवळ पीककापणी प्रयोगात दिसणाऱ्या उत्पादनावर आणला गेला. नेमक्या त्याच हंगामात ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात आणि सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूर, जालना, नांदेड अशा जवळजवळ साऱ्या विभागात पाण्याने हाहाकार केला. ‘ओला दुष्काळ’ जाहीर करण्याच्या मागणीवर, दुष्काळ संहितेत असा शब्दच नाही, मात्र दुष्काळातल्या सवलती लागू केल्या जातील, असे उत्तर मिळाले. ते नियमाला धरून होते, आणि कोरड्यासाठी शिवलेला सदराच ओल्याला चढवला जात असल्याची ती कबुलीही होती. गावपातळीवर पर्जन्यमापक बसवण्याची केंद्राची योजना २०२३ पासून आहे. पण ती जाळे दाट करण्यापुरती आहे. ६५ च्या आकड्याला किंवा साडेआठच्या घड्याळाला ती हात लावत नाही.