रोलिंगच्या घरात हीटर होता!

आमच्या परभणीत पोरांच्या शिबिरात कोणीतरी सांगतंच, की हॅरी पॉटरवाल्या रोलिंगच्या घरात हीटर नव्हता म्हणून ती ऊब घ्यायला कॅफेत बसून लिहायची. नाही ओ, हे खरं नाही. एडिनबराच्या थंडीत बिनहीटरचं घर घ्यायला मी काही येडी नव्हते, असं तिनंच सांगितलंय. खरं कारण होतं लेकरू! तान्ह्या पोरीला बाबागाडीत फिरवायचं, तिचा डोळा लागला की जवळच्या कॅफेत शिरायचं अन् ती उठेपर्यंत हातानं लिहीत सुटायचं, आपल्याकडं बाया पाळण्याची दोरी ओढत ओढत ज्वारी निवडतात तसं. गरिबी मात्र खरी होती, सरकारी भत्त्यावर घर चालायचं. अन् गोष्ट सुचली ती कॅफेत नाही, १९९० ला मँचेस्टर-लंडन प्रवासात, लेट झालेल्या रेल्वेत. पहिलं पुस्तक आलं १९९७ ला.