टपोऱ्या गुलाबाची डोंगरातली आजी

दादरच्या फुलबाजारात वीस गुलाबांची जुडी मिळते, बहुतेक मावळातल्या पॉलीहाउसमधून आलेली. त्यातली अर्धी उमललेली एखादी कळी निरखून बघा. उंच, निमुळती, वरच्या पाकळ्यांच्या कडा किंचित मागे वळलेल्या. परसातल्या गुलकंदाच्या गावठी गुलाबाची कळी अशी नसते, ती बुटकी आणि गोलसर असते. मग ही निमुळती कळी गुलाबात शिरली कुठून? माग काढत गेलं की एक वाट मणिपूरच्या उख्रुल जिल्ह्यात, तांगखुल नागांच्या मुलखातल्या शिरुई डोंगरावर पोचते.

१८८२ साली जॉर्ज वॅट सरहद्द आखणाऱ्या सरकारी तुकडीबरोबर मणिपुरात होता. हिंदुस्थानातल्या उपयोगी वनस्पतींचा आणि इतर मालाचा जाडजूड कोश पुढे ज्याने तयार केला, तोच हा वॅट. शिरुईवर त्याला एक रानगुलाब दिसला, झाडांच्या शेंड्यापर्यंत चढलेला. त्याने नमुने गोळा केले. पुढे सहा वर्षांनी, १८८८ मध्ये, ब्रह्मदेशाच्या शान टेकड्यांत हेन्री कॉलेट या लष्करी अधिकाऱ्याला तोच गुलाब भेटला. वनस्पती गोळा करण्याचा नाद असलेल्या त्या काळच्या पलटणवाल्यांपैकी हा एक. फुलं इतकी मोठी, की लांबच्या झाडांवर दुर्बिणीतूनही ओळखू यावीत.

नावाची गंमत इथेच आहे. वॅटच्या मनात भरलं ते फळ, म्हणून त्याचं नाव ‘रोझा मॅक्रोकार्पा’, म्हणजे मोठ्या फळाचा गुलाब. कॉलेटच्या नमुन्यांवरून ब्रसेल्सच्या फ्रान्स्वा क्रेपाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८८ सालीच ‘रोझा जायगँटिया’, म्हणजे महाकाय गुलाब, असं नाव छापलं. आधी छापलेलं नाव ग्राह्य हा वनस्पतिशास्त्राचा नियम. त्यामुळे आधी बघणारा वॅट नावात मागे पडला. चीनच्या वनस्पतिकोशात मात्र ही स्वतंत्र जात न धरता ‘रोझा ओडोराटा’चा एक प्रकार मानलेली आढळते.

महाकाय हे विशेषण मात्र अगदी चपखल. गुलाबाच्या रानटी जातींत एवढी मोठी दुसरी नाही. वीस मीटरपर्यंत, कधी त्याहूनही वर चढणारी वेल, जुन्या खोडाचा व्यास ५० सेंटिमीटरपर्यंत. पानात बहुधा सात पर्णिका, लांबट आणि टोकाशी निमुळत्या. पाच पाकळ्यांचं साधं फूल, पण १० ते १४ सेंटिमीटर रुंद. कळी निमुळती, फिकट पिवळी, आणि उमलल्यावर रंग मलईसारखा पांढरा. फुलांचा बहर वर्षातून एकदाच, वसंतात.

चढायला या वेलीकडे द्राक्षासारखे आधाराला वेढे घालणारे तणाव नाहीत. आकड्यासारखे खाली वळलेले काटे हीच तिची शिडी. लांब फांदी शेजारच्या झाडावर झुकते, काटे सालीत अडकतात आणि वाऱ्याने ती मागे घसरत नाही. तसं पाहिलं तर गुलाबाचा काटा शास्त्राच्या हिशेबात काटा नव्हेच. लिंबाचा काटा आतल्या लाकडातून येतो, तो रूप बदललेली फांदी असतो. गुलाबाचा काटा नुसता सालीवरचा उंचवटा. अंगठ्याने बाजूला रेटला की टक्कन तुटतो आणि खाली ओलसर वण राहतो. दादरच्या जुडीवर करून बघता येईल.

हिचं घर ईशान्य भारत, उत्तर म्यानमार आणि चीनचा युन्नान. साधारण हजार ते दीड हजार मीटर उंची, काही ठिकाणी त्याहून बरंच वर. रानाच्या कडा आणि झुडपी उतार तिला मानवतात. पाऊस भरपूर, हिवाळा थंड पण बर्फात गाडून टाकणारा नव्हे. पुढचा सगळा इतिहास या हवामानाभोवतीच फिरतो.

कारण युरोपची या गुलाबाशी ओळख उलट्या क्रमाने झाली. नातवंडं आधी भेटली, आजी नंतर. चिनी माळ्यांनी कधीतरी या रानवेलीचा आणि बारमाही फुलणाऱ्या ‘रोझा चायनेन्सिस’चा संकर जोपासला होता. त्यातला एक फिकट गुलाबी गुलाब १८०९ मध्ये कँटनहून इंग्लंडला गेला, एक पिवळा १८२४ मध्ये. वास ताज्या चहापत्तीसारखा, म्हणून ‘टी रोझ’. त्या वासामागचं एक द्रव्य, डायमेथॉक्सिटोल्युइन, रोझा जायगँटियात मुबलक आहे. युरोपच्या जुन्या गुलाबांना ते बनवता येत नव्हतं. या चहागुलाबांचा तिथल्या धट्ट्याकट्ट्या गुलाबांशी संकर झाला आणि ‘हायब्रिड टी’ हा वर्ग जन्माला आला. त्याचा आरंभ १८६७ च्या ‘ला फ्रान्स’ या गुलाबापासून धरतात. म्हणजे वॅट शिरुईवर चढला तेव्हा त्या वेलीचा वंश युरोपच्या बागांत सत्तर वर्षं नांदत होता, आणि कुणाला पत्ता नव्हता.

मूळ वेल हाती आल्यावर तरी काय झालं? इंग्लंडची थंडी तिला सोसेना. काचघरात ठेवावी तर वीस मीटरची वेल मावायची कुठे? म्हणून तिचं चीज झालं ते उबदार ठिकाणी. लिस्बनच्या वनस्पती उद्यानात १९०३ साली तिच्यापासून ‘बेल पोर्तुगेझ’ हा संकर निघाला, तर ऑस्ट्रेलियात ॲलिस्टर क्लार्कने १९२४ मध्ये ‘लॉरेन ली’ काढला. हा हिवाळ्यातही फुलतो.

खुद्द भारताने तिच्याकडे वळून बघायला फार उशीर केला. आपण युरोपात थंडीसाठी घडवलेले गुलाब आणायचे आणि एप्रिलच्या उन्हात त्यांचे रंग उडाले की माळ्याला बोल लावायचा! ही गोष्ट मनावर घेतली एम. एस. विराराघवन यांनी. सनदी सेवेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते कोडाइकनालला राहिले. १९९० च्या सुमारास पत्नी गिरिजा यांच्यासह ते शिरुईला गेले, तिथल्या वेलींवरून त्यांनी उष्ण हवेत टिकणारे संकर तयार केले. त्यातल्या दोघांची नावं ‘सर जॉर्ज वॅट’ आणि ‘सर हेन्री कॉलेट’. नावाच्या शर्यतीत हरलेल्या वॅटची तेवढी भरपाई झाली.

शिरुईवर आज लोक जातात ते मे-जूनमध्ये, फिकट गुलाबी शिरुई लिलीसाठी. तोवर गुलाबाचा बहर ओसरलेला असतो. वॅटला भुलवणारी फळं मात्र सहजी गळत नाहीत. दोन-तीन सेंटिमीटरची, पिवळसर नारिंगी, गोटीसारखी टणक. हिवाळाभर ती वेलीवरच राहतात आणि पुढच्या वसंतात नव्या कळ्या धरतात तेव्हाही काही तिथेच लटकलेली असतात.