मालिश पोचते कुठवर?

स्पाच्या माहितीपत्रकांत तीन वाक्यं हमखास भेटतात. मालिशीने शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात. कोलॅजन फेशियलने त्वचेचं हरवलेलं कोलॅजन (तिला ताठ ठेवणारं प्रथिन) परत मिळतं. डीप टिश्यू मसाजने कणा सरळ होऊन पोश्चर सुधारतं. तिन्ही वाक्यं चुकीची आहेत. तरीही चांगल्या मालिशीनंतर माणूस हलका होऊन उठतो, आखडलेली मान जरा जास्त वळते, चेहरा काही तास उजळ दिसतो, हेही खोटं नाही. परिणाम खरा आणि स्पष्टीकरण खोटं, अशी ही गंमत आहे. ती उलगडायची तर मालिश करणारा हात शरीरात नेमका कुठवर पोचतो ते बघावं लागतं.

विषारी द्रव्यांचा निकाल आधी लावून टाकू. नको असलेले पदार्थ निवडून बाहेर काढण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि पाठ दाबल्याने त्यांचा वेग वाढत नाही. घामात सुमारे 99 टक्के पाणी असतं, उरलेल्यात मुख्यतः मीठ. 'नेमकं कोणतं विष?' असं विचारलं तर बहुधा लॅक्टिक अ‍ॅसिडचं नाव पुढे येतं. पण व्यायामात वाढलेलं लॅक्टेट (या अ‍ॅसिडचं शरीरातलं रूप) तासाभरात आपोआप पूर्वपदावर येतं. दुसऱ्या दिवशी जे अंग दुखतं ते स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे आणि नंतरच्या दाहामुळे. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010मध्ये याची मोजमापं प्रसिद्ध केली, त्यात तर उलटंच निघालं. व्यायामानंतर लगेच मालिश केली की हाताच्या दाबाने रक्तवाहिन्या पुन्हापुन्हा मिटतात, स्नायूतला रक्तप्रवाह मंदावतो आणि लॅक्टेट बाहेर पडायला जास्तच वेळ लागतो.

पाय बुडवून बसायच्या 'डिटॉक्स' टबाची गोष्ट त्याहून मजेशीर. पाण्यात मीठ घालून लोखंडी इलेक्ट्रोडमधून वीज सोडली की धनाग्राचं लोखंड विरघळतं, त्याचं हायड्रॉक्साइड बनतं आणि पाणी तांबूस-तपकिरी होतं. हा शाळेतल्या विद्युत अपघटनाचा प्रयोग आहे. टबात पाय न घालता यंत्र चालू केलं तरी 'विष' तितकंच बाहेर पडतं!

आता त्वचा. तिचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. जाडी जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर, म्हणजे कागदाच्याही काही अंशच. पण रचना विटांच्या भिंतीसारखी: चपट्या मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ हा गिलावा. या भिंतीतून आत शिरायचं तर रेणू लहान हवा. साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) जड रेणू अखंड त्वचेतून फारसे जाऊ शकत नाहीत, असा एक ढोबळ नियम 2000 साली मांडला गेला. निकोटिनचा रेणू 162 डाल्टनचा, म्हणून त्याची पट्टी दंडावर चिकटवली तरी काम करते. 'क' जीवनसत्त्व 176, सुरकुत्यांवरच्या मलमातलं ट्रेटिनॉइन 300. आणि कोलॅजन? सुमारे 3,00,000 डाल्टन. दाराच्या फटीतून हत्ती आत ढकलण्यातला प्रकार. कितीही चोळलं तरी ते वरच राहतं आणि तोंड धुताना निघून जातं. वर असेपर्यंत ते पाणी धरून ठेवतं एवढाच त्याचा उपयोग, आणि तो साध्या ग्लिसरीनचाही होतो.

मग फेशियलनंतरची चमक कुठून येते? चोळण्याने आणि वाफेने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून रंग खुलतो. वरचा मृत थर पाणी पिऊन फुगतो, त्यामुळे बारीक रेषा तात्पुरत्या भरून येतात. तेलाच्या पातळ थराने पृष्ठभाग गुळगुळीत होतो, प्रकाश कमी विखुरतो आणि त्वचा कोरडी-पांढुरकी दिसत नाही. तिन्ही गोष्टी काही तासांच्या. खरं कोलॅजन आतल्या थरात असतं आणि त्याचा कारभार फार संथ चालतो. त्वचेतलं निम्मं कोलॅजन बदलायला साधारण 15 वर्षं लागतात. तासाभराच्या फेशियलने त्यात फरक पडणं शक्य नाही.

हे कोलॅजन तोडणारा मोठा शत्रू म्हणजे सूर्यप्रकाशातले अतिनील-ए किरण. ते काचेतूनही बरेचसे आत येतात. 2012 साली एका वैद्यकीय नियतकालिकात 69 वर्षांच्या एका ट्रकचालकाचं छायाचित्र छापून आलं होतं. 28 वर्षं डिलिव्हरीचा ट्रक चालवताना त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू खिडकीकडे होती. ती बाजू खोल सुरकुत्यांनी भरलेली आणि उजवी बरीच तरुण. ऑस्ट्रेलियात 900हून जास्त प्रौढांना साडेचार वर्षं पाहिलं, तेव्हा रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटाच्या त्वचेची वार्धक्याची लक्षणं दुसऱ्या गटापेक्षा 24 टक्क्यांनी कमी निघाली. कोणत्याही फेशियलच्या पाठीशी इतका भक्कम पुरावा नाही. तेलाबद्दलही एक बारकावा आहे. ज्यात ओलेइक आम्ल जास्त ते तेल (ऑलिव्हचं, उदाहरणार्थ) वर सांगितलेल्या भिंतीतला गिलावा विस्कटतं, आणि लिनोलेइक आम्ल जास्त असलेलं सूर्यफुलाचं तेल तो टिकू देतं. कोरड्या, खाजऱ्या त्वचेवर हा फरक जाणवतो.

पोश्चरचा दावा जरा चिवट आहे, कारण परिणाम तिथल्या तिथे जाणवतो. 'चिकटलेले फॅशिया मोकळे केले,' असं थेरपिस्ट सांगतात. फॅशिया म्हणजे स्नायूंना वेढणारी तंतुमय आवरणं. 2008मध्ये गणिती प्रारूप वापरून हिशोब मांडला गेला: तळपायाचा किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूचा जाड फॅशिया एक टक्का दाबायला किती बल लागेल? उत्तर आलं 800 किलोंच्याही वर. कोपराने इतका दाब कोणी देऊ शकत नाही, आणि दिलाच तर फॅशियाआधी हाड मोडेल.

हाताखाली काहीतरी सैल झाल्यासारखं वाटतं, ते मग काय असतं? स्नायू किती ताणलेला ठेवायचा हे मज्जारज्जूतल्या चालक चेतापेशी ठरवतात. पोटरी मळत असताना त्या पेशींची उत्तेजकता घटते, हे प्रतिक्षिप्त क्रियेचा आलेख घेऊन 1990च्या सुमारास दाखवलं गेलं. मात्र हात थांबला की आलेख लगेच पूर्वीच्या उंचीला जातो. मान जास्त वळते तीही मुख्यतः ताण सहन करण्याची मर्यादा वाढल्यामुळे, लांबी वाढल्यामुळे नाही. ही सूट तास-दोन तासांची असते. त्या वेळात वरच्या पाठीचे आणि मानेच्या पुढच्या खोल स्नायूंचे व्यायाम केले तर मालिशीचा उपयोग झाला. पुन्हा पोक काढून चार तास बसलं तर सगळं जिथल्या तिथे.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायचा, तो भाग. स्पर्श वाहून नेणारे चेतातंतू आपण शाळेत शिकलो ते जाड, मायलिनच्या आवरणाचे. त्यांच्यातून संदेश सेकंदाला 50 मीटरच्या आसपास धावतो. कुठे लागलं, कितीसं, कोणत्या दिशेने, हे ते चटकन सांगतात. पण केसाळ त्वचेत (म्हणजे तळहात-तळपाय सोडून जवळजवळ सर्वत्र) आणखी एक जात असते: बारीक, मायलिन नसलेली, सेकंदाला जेमतेम एक मीटर चालणारी. त्यांना सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात. मांजरांमध्ये असे तंतू 1939मध्येच सापडले होते, पण माणसात ते नाहीत असं कित्येक दशकं मानलं जाई. स्वीडनमध्ये 1960च्या दशकात जाग्या माणसाच्या चेतेत टंगस्टनची सुई घालून एकेका तंतूचे विद्युत संदेश ऐकण्याचं तंत्र तयार झालं आणि पुढे त्याच तंत्राने ते माणसातही सापडले.

या तंतूंचा स्वभाव विलक्षण आहे. जाड तंतूंवरून ब्रश जितक्या वेगाने फिरवाल तितके ते जास्त संदेश पाठवतात. सी-टॅक्टाइल तसे नाहीत. 2009मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात यंत्राने अग्रबाहूवर (कोपर ते मनगट) सेकंदाला 0.1 ते 30 सेंटिमीटर अशा वेगवेगळ्या वेगांनी मऊ ब्रश फिरवला. तंतूंचा प्रतिसाद आधी वाढत गेला, 1 ते 10 सेंटिमीटरच्या पट्ट्यात शिखरावर पोचला आणि मग उतरला. आलेख उलट्या 'यू'सारखा. 'किती सुखद वाटलं?' या प्रश्नाच्या उत्तरांचा आलेखही तसाच, त्याच वेगांना शिखर. तळहातावर हा मेळ बसला नाही. पुढे तापमान बदलून पाहिलं, तर 32 अंश सेल्सिअसला, म्हणजे त्वचेच्याच नेहमीच्या तापमानाला, प्रतिसाद सर्वांत जास्त मिळाला. 18 अंशांचा गार स्पर्श आणि 42 अंशांचा गरम, दोन्हींना कमी.

पुरावा इथेच संपत नाही. आजारात जाड स्पर्शतंतू गमावलेली एक रुग्ण होती. तिला साधा स्पर्श कळत नसे. पण हातावर मऊ ब्रश हळू फिरवला की काहीतरी धूसर, सुखद जाणवे, दिशा मात्र सांगता येत नसे. मेंदूच्या स्कॅनमध्ये नेहमीचं स्पर्शकेंद्र शांत होतं, इन्शुला नावाचा भाग जागा झाला होता, म्हणजे भूक, वेदना, श्वास यांसारख्या शरीराच्या आतल्या स्थितीची दखल घेणारा भाग. थोडक्यात, या तंतूंचं काम 'कुठे' हे सांगायचं नसून 'बरं वाटतंय' हे सांगायचं आहे.

याचं व्यवहारात रूपांतर सोपं आहे. मानेपासून कंबरेपर्यंतचं अंतर साधारण 50 सेंटिमीटर. घाईतला हात ते दोन सेकंदांत कापतो, म्हणजे सेकंदाला 25 सेंटिमीटर. या वेगाला सी-टॅक्टाइल तंतूंचा प्रतिसाद उतरलेला असतो. तोच फेरा दहा सेकंदांचा केला तर वेग 5 सेंटिमीटर. हात आणि तेल कोमट हवेत, गरम नकोत. एकाच जागी सतत फिरवत राहिलं की हे तंतू थकतात, म्हणून जागा बदलत राहायची.

हे हलक्या स्पर्शाचं झालं. मध्यम दाबाची मालिश वेगळ्या वाटेने काम करते. एक वाट 1965मध्ये मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी सुचवलेली: जाड तंतूंचे संदेश मज्जारज्जूच्या मागच्या भागातल्या अवरोधक पेशींना चेतवतात आणि वेदनेचा पुढचा प्रवास रोखतात. गुडघा आपटला की आपण तो चोळतो, त्याचं कारण हेच. दुसरी वाट मेंदूकडून हृदयाकडे आणि पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेची: मध्यम दाबाने तिची क्रिया वाढते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. दाब स्नायूच्या पेशींपर्यंतही काही प्रमाणात पोचतो. 2012च्या एका छोट्या अभ्यासात 11 तरुणांच्या थकलेल्या एका मांडीला दहा मिनिटं मालिश केल्यावर स्नायूच्या नमुन्यात दाहाचे संकेत कमी दिसले, लॅक्टेट मात्र होतं तितकंच. मनाच्या बाबतीत 2004मध्ये 37 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं. त्यात अनेक बैठकांनंतर चिंता आणि उदासी बऱ्यापैकी कमी झालेली आढळली. 'कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) धाडकन उतरतं' हा लाडका दावा मात्र 2011च्या फेरतपासणीत टिकला नाही. परिणाम जवळजवळ शून्य निघाला.

'दुखल्याशिवाय गुण नाही' ही समजूत सोडलेली बरी. शून्य ते दहाच्या मापात दुखणं सहाच्या वर गेलं की शरीर बचावासाठी स्नायू आवळतं, श्वास रोखला जातो आणि मालिश करणारा स्वतःच निर्माण केलेल्या ताणाशी झगडत बसतो. क्रम असा असावा: आधी लांब, संथ हात, तेल पसरण्यापुरते, मग तळव्याने मळणं, मग अंगठ्याने आखडलेल्या ठिकाणी वीस-तीस सेकंद स्थिर दाब, शेवटी पुन्हा लांब हात. तेल जास्त झालं तर हात घसरतो आणि पकड मिळत नाही. कमी पडलं तर केस ओढले जाऊन मुळांशी पुरळ उठते. सुगंधी अर्क घालायचा असेल तर एक टक्का पुरे, म्हणजे 30 मिलिलिटर तेलात सहा थेंब. बर्गमॉटसारख्या लिंबूवर्गीय फळांच्या सालीच्या अर्काने उन्हात त्वचा भाजून डाग पडू शकतात.

काही ठिकाणी हात लावूच नये. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. मानेच्या पुढच्या बाजूला, जबड्याखाली नाडी लागते तिथे दाबल्याने रक्तदाब कोसळून माणूस बेशुद्ध पडू शकतो. मान झटक्याने 'कडकन' वळवण्यात मणक्यांतून जाणाऱ्या धमनीचा आतला पदर फाटण्याचा धोका आहे. केस धुण्याच्या बेसिनवर मान फार वेळ मागे टाकल्यानेही काही जणांना पक्षाघात झाल्याचं 1993मध्ये नोंदलं गेलं. म्हणून मानेखाली टॉवेलची गुंडाळी हवी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जोराचा दाब टाळावा.

आणि मालिश संपल्यावर लगेच उठायचं नाही. रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, ठोके मंद झालेले असतात, अशा वेळी ताडकन उभं राहिलं की घेरी येते. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं.